अंगावरून पांढरे जाणे



काशीच्या गंगाकाठी जे अनेक घाट आहेत त्यांतला राजा घाट हा मराठी माणसाला परका नाही. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे पुण्याच्या राजकारणातून बाजूला होऊन उत्तरेत जाऊन राहिले. त्यांच्या नावावरून हा घाट पूर्वी अमृतराव घाट म्हणून ओळखला जाई. महाराष्ट्रातून काशीयात्रेस निघालेल्या आपल्या आज्या-पणज्या अशाच दगडी पायऱ्यांवरून गंगेत उतरल्या, आणि अंगावरच्या ओल्या लुगड्यानिशी देवदर्शनाला गेल्या. स्नान म्हणजे शुद्धी, ही कल्पना आपल्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की तिच्या पाठीशी असलेली दुसरी कल्पना आपल्या ध्यानातही येत नाही. ती कल्पना म्हणजे, हे शरीर मुळात अशुद्ध आहे. पुरुषाच्या बाबतीत ही अशुद्धी स्नानाने संपते. स्त्रीच्या बाबतीत मात्र ती संपता संपत नाही. पाळीच्या दिवसांत तिने देवळात जाऊ नये, ही रूढी अनेक घरांत आजही पाळली जाते. पाळी नसतानाही अंतर्वस्त्रावर जो पांढरा ओलावा तिला दिसतो, त्याविषयी तिच्या मनात एक शंका घर करून असते : आपण आतून अस्वच्छ तर नाही? आपल्याला काही रोग तर नाही?

आजचे माझे बोलणे या शंकेविषयी आहे. तिला आपल्या भाषेत निरनिराळी नावे आहेत. कोणी ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणते, कोणी ‘पांढरे पाणी जाते’ म्हणते, वैद्य ‘श्वेतप्रदर’ म्हणतात, आणि पुष्कळ स्त्रिया काहीच म्हणत नाहीत. मी वैद्य नव्हे आणि स्त्रीही नव्हे. परंतु शासकीय कामाच्या निमित्ताने आरोग्यशिबिरांच्या नोंदवह्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्यांत स्त्रियांच्या तक्रारींच्या रकान्यात ‘अशक्तपणा’, ‘कंबर दुखते’, ‘चक्कर येते’ हे शब्द पानोपानी आढळतात, आणि जी तक्रार मनात धरून ती स्त्री चार कोस चालत आलेली असते ती बहुधा लिहिलेलीच नसते. ताकाला जाऊन भांडे लपवावे, तसा हा प्रकार होतो. या विषयावर पुरुषाने बोलणे अनुचित आहे असे कोणास वाटल्यास मी एवढेच म्हणेन की, घरातील स्त्रीने दवाखान्यात जावे की नाही, केव्हा जावे आणि किती पैसे खर्चावेत हे ज्या देशात बहुधा पुरुषच ठरवतो, त्या देशात पुरुषाला हा विषय समजणे हे औचित्याचेच आहे.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांना या विषयाचा संकोच नव्हता. सुश्रुताने आपली विद्या काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याच्यापासून घेतली, असे सुश्रुतसंहिता सांगते. त्या संहितेच्या उत्तरतंत्रात, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातही, स्त्रीच्या जननमार्गाचे वीस विकार ‘योनिव्यापद’ या नावाखाली, स्राव, दाह, वेदना इत्यादी लक्षणांसह मांडलेले आहेत. त्यांचे निदान आजच्या शास्त्राशी सर्वस्वी जुळते असे नाही. परंतु त्यात लाज नाही, आणि निंदाही नाही. ही लाज आपल्यात नंतर केव्हातरी आली आणि इतकी बळावली की, प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढून लैंगिक आरोग्यावर स्पष्ट मराठीत लिहिण्यास आरंभ केला तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांपैकी १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली होती. तेव्हा या विषयावर सरळ बोलणे, ही मराठीत नवी गोष्ट नाही. ती वारंवार सुरू होऊन वारंवार थांबलेली गोष्ट आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा स्राव म्हणजे काय?

आपल्या डोळ्यांत पाणी असते, तोंडात लाळ असते, नाकात ओलावा असतो. शरीराचा जो जो मार्ग बाहेर उघडतो त्याचे अस्तर ओले असावे लागते. कोरडे अस्तर फाटते आणि त्यातून जंतू शिरतात. योनिमार्गाचेही तसेच आहे. त्याच्या भिंतींतून थोडे पाणी पाझरते, वरच्या टोकाला असलेल्या गर्भाशयमुखातील ग्रंथींतून चिकट द्रव येतो, आणि अस्तराच्या जुन्या पेशी गळून त्यात मिसळतात. या सर्वांचे मिश्रण हळूहळू खाली उतरते आणि जाताना आतील मळ बरोबर घेऊन जाते. तोच पांढरा स्राव. प्रौढ स्त्रीमध्ये तो दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक चहाचा चमचा भरतो. काहींना त्याहून कमी, काहींना अधिक. त्याचा रंग पाण्यासारखा किंवा पांढरट असतो आणि कापडावर वाळल्यावर तो किंचित पिवळट दिसतो. त्याला सौम्य, थोडासा आंबट वास असतो. त्याने खाज सुटत नाही, आग होत नाही.

हा आंबट वास अकारण नाही. आपण दुधाला विरजण लावतो तेव्हा त्यातील सूक्ष्म जिवाणू दुधातील साखरेचे आम्ल बनवतात आणि दूध आंबट होते. त्याच कुळातील लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू निरोगी योनिमार्गात वस्तीला असतात. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ साली त्यांचे वर्णन केले. अस्तराच्या पेशींत साठलेल्या शर्करेपासून हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता मोजण्याच्या पीएच मापनात तरुण स्त्रीच्या योनिमार्गाचा अंक साधारण ३.८ ते ४.५ येतो, म्हणजे जवळजवळ दह्याइतका आंबटपणा. या आंबट वातावरणात बहुतेक रोगजंतू तग धरू शकत नाहीत. घराच्या दारात बसलेला राखणदार जे काम करतो तेच हे जिवाणू करतात. सर्वच जिवाणू शत्रू नव्हेत, हे येथे ध्यानात घ्यावे. मात्र उपमेपायी कोणी दही आत लावू नये. उपमा समजण्यासाठी असते, उपचारासाठी नव्हे.

हा स्राव महिन्याच्या सर्व दिवशी सारखा नसतो. पाळी संपल्यावर काही दिवस तो कमी असतो. दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर, स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास, तो वाढतो, पारदर्शक होतो आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार धरतो. शुक्रजंतूंना वर जाणे त्यामुळे सोपे होते. त्यानंतर पुन्हा तो दाट आणि पांढरट होतो. कामभावना जागृत झाल्यावर ओलावा वाढतो, तेही नैसर्गिकच. आयुष्याच्या टप्प्यांप्रमाणेही त्यात फरक पडतो. मुलीला पहिली पाळी येण्यापूर्वी काही महिने, कधी वर्षभर आधीपासून, असा स्राव दिसू लागतो. ती वयात येत असल्याची ती पहिली खूण. गरोदरपणात तो वाढतो. पाळी कायमची थांबल्यावर तो कमी होतो, आतील अस्तर पातळ होते, आणि काही स्त्रियांना कोरडेपणाचा त्रास होतो. नुकत्याच जन्मलेल्या मुलीलाही पहिले काही दिवस किंचित पांढरा स्राव होऊ शकतो. आईच्या शरीरातील संप्रेरकांचा तो उरलेला परिणाम असतो आणि तो आपोआप थांबतो.

हे एवढे कळले की स्वच्छतेचा प्रश्न सोपा होतो. जो अवयव स्वतःला आतून स्वच्छ ठेवतो त्याला आतून धुण्याची आवश्यकता नाही. बाहेरचा भाग रोज साध्या स्वच्छ पाण्याने धुवावा आणि कोरडा करावा, इतके पुरे. आत बोटाने पाणी घालणे, साबण लावणे, पिचकारीने धुणे, जंतुनाशक औषध पाण्यात मिसळून वापरणे, सुगंधी द्रावणे वापरणे, ही सर्व कामे हानिकारक आहेत. साबण आंबटपणा घालवतो आणि जंतुनाशक औषध तर राखणदारालाच मारते. मग वास वाढतो, वास वाढला म्हणून स्त्री अधिक धुते, आणि अधिक धुतल्याने वास आणखी वाढतो. स्वच्छतेच्या अतिरेकातून जन्मलेल्या या चक्रात सुशिक्षित घरांतील स्त्रियाही सापडतात.

तीर्थस्नानाच्या संदर्भातही हे सांगितले पाहिजे. राजा घाटावर किंवा नाशिकच्या गोदाकाठी, श्रद्धेने स्नान करणाऱ्या स्त्रीने ते अवश्य करावे. परंतु नदीचे पाणी शरीराच्या आतील भागात मुद्दाम घेऊ नये. आपल्याकडे स्नानयोग्य नदीच्या १०० मिलिलिटर पाण्यात मलजन्य जिवाणूंची गणना ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा मानलेली आहे, आणि शहरांचे सांडपाणी जेथे मिसळते तेथे ही मर्यादा अनेकदा ओलांडली जाते. स्नान झाल्यावर ओली वस्त्रे अंगावर वाळू देण्यापेक्षा लगेच कोरडी वस्त्रे नेसावीत, कारण जांघेतील सततची ओल बुरशीला मानवते. घरीही अंतर्वस्त्र सुती असावे आणि ते दाराआड दुसऱ्या कपड्याखाली न लपवता उन्हात वाळवावे. पाळीचे कापडही तसेच. सूर्यप्रकाशासारखा फुकटचा जंतुनाशक आपण केवळ लाजेपायी दूर ठेवतो. शौचानंतर धुताना किंवा पुसताना हात पुढून मागे न्यावा, म्हणजे मलातील जंतू पुढे येत नाहीत.

आता ज्या भीतीने कित्येक स्त्रिया आतून खचतात त्या भीतीविषयी. पांढरे जाणे म्हणजे शरीराची धातू झिजणे, हाडे पोकळ होणे, शक्ती वाहून जाणे, अशी समजूत आपल्याकडे सर्वदूर आहे. तिला शास्त्राचा आधार नाही. चमचाभर पाणी, थोडा चिकट द्रव आणि गळालेल्या पेशी यांत शरीराची शक्ती नसते. तरीही ती स्त्री खरोखर थकलेली असते, हे नाकारून चालणार नाही. त्या थकव्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोहयुक्त द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, कमी आढळले. पांढऱ्याला दिलेला दोष पुष्कळदा या रक्तक्षयाचा असतो.

आणि काही वेळा तो मनाच्या भाराचा असतो. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी करून २००५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्रावाची तक्रार करणाऱ्या स्त्रिया आणि प्रयोगशाळेत जंतुसंसर्ग सिद्ध झालेल्या स्त्रिया यांची गाठ त्यांना फारशी पडलेली दिसली नाही. त्या तक्रारीशी अधिक घट्ट जोडलेल्या गोष्टी होत्या चिंता, उदासी आणि घरातील जाच. याचा अर्थ त्या स्त्रिया खोटे सांगत होत्या असा मुळीच नाही. ‘मला घरात सुख नाही’ हे जिला सांगता येत नाही ती ‘माझ्या अंगावरून जाते’ एवढे तरी सांगू शकते. अशा स्त्रीच्या हाती दरवेळी जंतुनाशक गोळ्या देऊन तिला वाटेला लावणे हा उपचार नव्हे. शिवाय अकारण घेतलेल्या अशा गोळ्या राखणदार जिवाणूंनाही मारतात आणि बुरशीला मोकळे रान देतात.

परंतु येथेच नाण्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. प्रत्येक स्राव निरोगी नसतो, आणि प्रत्येक रोग बोलका नसतो.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात तिचा वृत्तान्त आला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी एक ना एक विकार होता, आणि दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार निघाले. असे असूनही, पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. गरोदरपण आणि संततिनियमन यांपलीकडे ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार त्या काळी जगात फारसा कोणी करीत नव्हते. महाराष्ट्रातल्या त्या दोन खेड्यांनी तो विचार जगाला करायला लावला. मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. आपण तो कौतुकाने वापरतो. गडचिरोलीच्या आकड्यांनी त्या कौतुकाची किंमत दाखवून दिली.

गोव्याची पाहणी सांगते की तक्रार आहे म्हणजे रोग असेलच असे नाही. गडचिरोलीची पाहणी सांगते की तक्रार नाही म्हणजे रोग नसेलच असे नाही. दोन्हींचा निष्कर्ष एकच : अंदाजावर विसंबू नये, लक्षणे ओळखावीत आणि तपासून घ्यावे.

लक्षणे ओळखणे कठीण नाही. स्राव दह्याच्या कवडीसारखा घट्ट, फुटका, पांढरा झाला आणि जोराची खाज सुटली तर तो बहुधा कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग असतो. गरोदर स्त्रियांना, मधुमेह असलेल्यांना आणि जंतुनाशक औषधे घेतलेल्यांना तो अधिक होतो. वारंवार झाल्यास रक्तातील साखर तपासावी. स्राव पातळ, करडा आणि मासळीसारख्या वासाचा झाला तर राखणदार जिवाणू कमी होऊन दुसऱ्या जिवाणूंची गर्दी झाली आहे असे समजावे. हा विकार अतिशय सामान्य आहे. तो स्त्रीच्या चारित्र्याविषयी काहीही सांगत नाही. गरोदरपणात मात्र तो दुर्लक्षू नये, कारण दिवस पूर्ण होण्यापूर्वी बाळंत होण्याशी त्याचा संबंध आढळलेला आहे. स्राव पिवळा-हिरवट, फेसाळ, दुर्गंधी असेल आणि आग होत असेल तर ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म जीव त्याचे कारण असू शकतो. हा शरीरसंबंधातून पसरतो. पुरुषात त्याची लक्षणे बहुधा दिसत नाहीत, म्हणून पतीला काही होत नसले तरी दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते. एकटीने घेतलेले औषध वाया जाते आणि रोग पुन्हा परततो. परमा आणि क्लॅमिडिया हे रोग गर्भाशयमुखात शिरतात. ते कित्येकदा मुकाट असतात, आणि उपचाराविना राहिल्यास गर्भनलिका बंद होऊन वंध्यत्व येऊ शकते. मग ‘मूल होत नाही’ हा दोष एकट्या स्त्रीच्या माथी मारला जातो.

काही लक्षणे अशी आहेत की त्यांत एक दिवसही दवडू नये. स्रावाबरोबर ओटीपोटात दुखून ताप येणे, गरोदरपणात एकाएकी पाणी वाहू लागणे, लहान मुलीला दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव होणे, ही ती होत. लहान मुलीच्या बाबतीत तिला रागावू नये. कधी आत एखादी वस्तू अडकलेली असते, तर कधी कोणी तिच्याशी दुर्वर्तन केलेले असते. तिचे म्हणणे शांतपणे ऐकणे हे मोठ्यांचे पहिले कर्तव्य आहे.

आणि आणखी एक लक्षण. पाळीव्यतिरिक्त रक्त दिसणे, शरीरसंबंधानंतर रक्त येणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा लाल डाग दिसणे, किंवा धुतल्या पाण्यासारखा दुर्गंधी स्राव सतत होणे. हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. वयस्कर स्त्री ‘पाळी परत आली’ म्हणून ते सोडून देते, आणि सून विचारायला धजत नाही. हा रोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. त्याला उघड रूप येण्यास पुष्कळदा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि त्या अवधीत तो सापडला तर रोखता येतो. हे सिद्ध करण्यातही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर बार्शीचे कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्या गटात विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली त्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानेच त्याहून साधा मार्ग वापरला. थोड्या दिवसांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला पातळ सिरका-आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का एवढेच पाहायचे. सुमारे दीड लाख स्त्रियांवरील या प्रयोगात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. याच टाटा केंद्राची दोन रुग्णालये आता वाराणसीतही आहेत. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने या विषाणूविरुद्ध बनवलेल्या लसीलाही २०२२ साली मंजुरी मिळाली. ९ ते १४ वर्षांच्या वयात ती दिल्यास सर्वाधिक उपयोगी ठरते.

मग करावे काय? तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीने, तक्रार असो वा नसो, शासकीय आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी आणि दर पाच वर्षांनी ती पुन्हा करावी. स्रावाची तक्रार असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ती त्याच शब्दांत सांगावी. रंग कोणता, वास कसा, खाज आहे का, पाळीच्या किती दिवसांनी झाले, गरोदर आहोत का, कोणते औषध घेतले, एवढ्या सहा गोष्टी सांगितल्या तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते. पुरुष डॉक्टरांसमोर संकोच वाटत असेल तर डॉक्टरबाई किंवा नर्सबाई यांना बोलवावे, असे म्हणण्याचा स्त्रीला अधिकार आहे. गावात आशाताई असतात. त्यांच्याशी बोलणे हीही सुरुवात होऊ शकते. शेजारणीने घेतलेली गोळी आपण घेऊ नये, आणि बरे वाटताच औषध अर्ध्यावर सोडू नये.

मातांना एक विनंती. मुलीला पाळीविषयी सांगता तेव्हा पांढऱ्याविषयीही सांगा. ‘हे येणारच, ते निरोगीपणाचे आहे, खाज सुटली किंवा वास बदलला तर मला सांग,’ ही तीन वाक्ये पुरतात. ही वाक्ये ज्या मुलीला दहाव्या-बाराव्या वर्षी मिळाली तिला पुढे तीस वर्षे आपले शरीर लपवत फिरावे लागत नाही.

आणि पुरुषांना एक विनंती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. संपत्तीच्या बाबतीत ते खरे असेल, रोगाच्या बाबतीत नाही. पत्नीने, आईने, बहिणीने ‘दवाखान्यात जायचे आहे’ एवढेच म्हटले आणि कारण सांगितले नाही, तर कारण विचारत बसू नका. बसभाडे द्या, त्या दिवसाचा स्वयंपाक स्वतः करा, आणि औषध तुम्हालाही घ्यायला सांगितले तर ते निमूटपणे घ्या. पांढरे जाणे हा बहुतेक वेळा शरीराने स्वतःला स्वच्छ ठेवण्याचा नित्याचा उद्योग असतो. ज्या वेळी तो रोग असतो त्या वेळी त्यावर औषध आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते विनामूल्यही मिळते. अडचण असते ती पहिला शब्द उच्चारण्याची. तो शब्द आता घरात मोकळेपणाने बोलला जावा, एवढीच माझी आपणा सर्वांना प्रार्थना आहे.